उघडे अंग, झाकलेले अंग आणि निर्णयाचा अधिकार

१

गोवंडी स्थानक मार्गावर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधनाचे केंद्र म्हणून ती स्थापन झाली. त्याआधी चार वर्षे, १९५२ साली, कुटुंबनियोजन हा शासकीय कार्यक्रम झाला होता. ज्या विषयाच्या प्रचारापायी रघुनाथ धोंडो कर्वे यांना १९२५ साली विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, तो विषय अवघ्या तीस वर्षांत सरकारमान्य झाला आणि त्याच्या अभ्यासासाठी पुढे इमारतीही उभ्या राहिल्या. कर्व्यांच्या विचाराचा निम्मा भाग असा प्रतिष्ठित झाला. उरलेल्या निम्म्या भागाचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९२७च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. मानवी शरीर उघडे असण्यात मुळात अश्लील काही नाही, या मताचा कर्वे सातत्याने पुरस्कार करीत. संततिनियमनाविषयी त्यांना दूरदर्शी म्हणणारे आपण या मताकडे मात्र एका थोर माणसाचा विक्षिप्तपणा म्हणून पाहतो आणि चरित्रातले ते पान हलकेच उलटतो. स्त्रीने कमरेच्या वर वस्त्र न घेता चारचौघांत वावरावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे चर्चेचा मानलाच जात नाही. तो हशाचा किंवा संतापाचा मानला जातो. हशा आणि संताप यांच्या मागे एक इतिहास असतो. तो तपासला, तर स्त्रीचे उघडे अंग मराठी समाजाने कधीच पाहिले नाही किंवा कधीच सहन केले नाही, हे गृहीतक टिकत नाही. समाजाने ते पाहिले आहे, सहन केले आहे, काही प्रसंगी तर लादलेही आहे. सहन झाली नाही ती एकच गोष्ट : उघडे राहण्याचा अथवा झाकून घेण्याचा निर्णय त्या स्त्रीने स्वतः करणे.

२

प्रथम भाषेची साक्ष काढू. पुरुषाच्या अथवा लहान मुलाच्या उघड्या अंगासाठी मराठीत ‘उघडाबंब’ असा एक मोकळा, काहीसा गमतीचा शब्द आहे. प्रौढ स्त्रीसाठी तो सहजपणे वापरता येत नाही. स्त्रीच्या बाबतीत ‘उघडी पडणे’ म्हणजे आधार नाहीसा होणे, ‘उघड्यावर येणे’ म्हणजे संसार मोडणे. वस्त्राचे नाव घेतले की लगेच नीतीचे नाव येते : ‘लाज झाकणे’, ‘लज्जारक्षण’. पदराची क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. पदर खोचला तर स्त्री कामाला लागली, पसरला तर ती याचना करू लागली, सावरला तर ती कुलीन, ढळला तर ती संशयास्पद. वस्त्राच्या एका टोकाच्या हालचालींतून तिचे संपूर्ण सामाजिक स्थान वाचले जाते. कायद्याच्या भाषेतही हेच झाले. स्त्रीवरील विशिष्ट स्वरूपाच्या हल्ल्याला आपण ‘विनयभंग’ म्हणतो. हल्ला होतो शरीरावर. भंगतो मात्र तिच्याकडून अपेक्षित असलेला एक गुण. जणू शरीर तिचे नाही आणि विनय मात्र तिने सांभाळायचा आहे.

डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथाचा विषय असलेली देवता संपूर्ण नग्न, मस्तकाच्या जागी कमळ असलेली, प्रसवाच्या मुद्रेतील मातृदेवता आहे. तिच्या ठिकाणी लज्जेचा लवलेशही नाही. तरीही तिच्या नावात ‘लज्जा’ आहे. पूजा चालू ठेवायची, पण उच्चार करताना लाजेचा आडपडदा धरायचा, अशी तडजोड लोकमानसाने या नावातून केली असे मला वाटते. नावाने मूर्तीला वस्त्र नेसवले आहे.

येथेच एका लोकप्रिय युक्तिवादाची मर्यादा सांगितली पाहिजे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील राजस्त्रिया, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील मिथुने यांचा दाखला देऊन असे म्हटले जाते की आपली परंपरा मोकळी होती, लाज इंग्रजांनी शिकवली. यात अर्धे सत्य आहे. अश्लीलतेचा आपला कायदा इंग्रजी न्यायविचारातून आला आणि १८६८ सालच्या हिक्लिन खटल्याची कसोटी आपली न्यायालये दीर्घकाळ वापरीत राहिली, हे खरेच. परंतु शिल्पातील स्त्रीने काय नेसावे हे शिल्पकाराने आणि दात्याने ठरवले होते. तिच्या मोकळेपणावरून त्या काळच्या हाडामांसाच्या स्त्रीच्या मोकळेपणाचे अनुमान काढता येत नाही. शिवाय इंग्रजांचा जिच्याशी काही संबंध नव्हता अशी उघडेपणाची एक रूढी याच भूमीत नांदत होती.

३

ती रूढी म्हणजे सोवळ्या विधवेची. एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण घरातील केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर आलवण असे आणि चोळी नसे. तिचे कुंकू, बांगड्या, केस यांबरोबर तिची चोळीही काढून घेतली जाई. ही स्त्री स्वयंपाकघरात, देवघरात, पाणवठ्यावर वावरत होती. दीर-पुतण्यांसमोर, आल्यागेल्यांसमोर वावरत होती. डोक्यावरून घेतलेल्या एका वस्त्राआड तिचे अंग जितके झाकले जाईल तितके झाकले जाई. वाकून काम करताना काय होत असेल, याची चिंता धर्मशास्त्राला पडली नाही. सवाष्णीचा पदर ढळला तर ज्या घराची अब्रू जाई, त्याच घरात विधवेच्या अंगाला चोळी नसणे हा अब्रूचाच भाग होता.

केशवपनाविरुद्ध सुधारकांनी पुष्कळ लिहिले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधील यमूच्या वाट्याला आलेले केशवपन मराठी वाचकाच्या मनावर कायमचे कोरले गेले. परंतु सुधारणेच्या वादात केसांना जे स्थान मिळाले ते चोळीला मिळाले नाही. केस कापण्याची क्रिया दिसते. तिला दिवस असतो, न्हावी असतो, आक्रोश असतो. चोळी नसणे ही रोजची, निःशब्द गोष्ट आहे. तिच्यावर कथानक उभे राहत नाही.

रघुनाथरावांच्या नग्नताविषयक विचारामागे ही पार्श्वभूमी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचे वडील धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई जोशी या विधवेशी पुनर्विवाह केला. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत काढलेल्या शारदासदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. स्त्रीच्या अंगावरील वस्त्र काढून घेण्याचा अधिकार रूढीला आहे काय, हा प्रश्न त्या घराने सोसून सोडवला होता. मुलाने त्याची दुसरी बाजू विचारली : वस्त्र घालण्याची सक्ती करण्याचा अधिकार तरी कोणाला आहे?

४

१९२७ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. जुलैमध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले आणि डिसेंबरच्या अखेरीस महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची रीत आणि तसेच दागिने टाकून द्या, इतर समाजातील स्त्रियांप्रमाणे नेसा, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी तेथेच नेसण बदलल्याचा वृत्तान्त उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथामुळे आता सर्वपरिचित आहे. लुगडे किती खाली यावे, ही गोष्ट त्या दिवशी चवदार तळ्याच्या पाण्याइतकीच राजकीय ठरली.

याला दक्षिणेत एक जुना पूर्वप्रसंग आहे. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांनी छाती झाकण्याचा हक्क मागितला, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वारंवार दंगे झाले. अखेर १८५९च्या जुलैमध्ये संस्थानाने त्यांना अंग झाकण्याची मुभा दिली. पण उच्चवर्णीय स्त्रियांसारखे झाकायचे नाही, ही अट कायम ठेवून. तेथे उघडी छाती हे निर्लज्जपणाचे लक्षण नव्हते, वरिष्ठांपुढील अदबीचे लक्षण होते. झाकलेली छाती हाच उर्मटपणा होता.

आता एक वरवर विसंगत वाटणारी घटना पाहू. ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल कर्व्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला उभा राहिला आणि त्यात कर्व्यांचे वकील होते बॅरिस्टर आंबेडकर. खटला ते हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. महाडला स्त्रियांना अंगभर नेसायला सांगणारा नेता सात वर्षांनी, ज्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्री आहे अशा मासिकासाठी न्यायालयात उभा राहतो. खटला मुखपृष्ठाबद्दलचा नव्हता हे मान्य. तरीही त्या मासिकाची बाजू घेणे म्हणजे कोणत्या बदनामीचे धनी होणे, हे त्या काळच्या वकिलाला सांगायला नको होते.

ही विसंगती नाही, हे माझे म्हणणे आहे. ज्या स्त्रीच्या अंगावरील वस्त्र किती असावे हे जातीने ठरवले, तिच्यासाठी अंगभर नेसणे हा स्वातंत्र्याचा उच्चार होता. ज्या समाजात शरीराचा उल्लेखही पाप मानला जातो, तेथे शरीराविषयी निर्भयपणे बोलणे हाही स्वातंत्र्याचाच उच्चार. दोन्हीकडे प्रश्न एकच : या शरीराचा धनी कोण? महाडचे भाषण आणि कर्व्यांचा बचाव ही एकाच विचाराची दोन उपयोजने आहेत. आपल्या समीक्षेने ती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली. एक सामाजिक समतेच्या, दुसरे लैंगिक सुधारणेच्या. म्हणून त्यांतील नाते आपल्याला दिसले नाही.

५

लादलेल्या उघडेपणाचे सर्वांत हिंस्र रूप जातीय अत्याचारात दिसते. १९७२ साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रीची विटंबना झाली. राजा ढाले यांनी त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या ‘साधना’च्या अंकातील ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखात तिचा संदर्भ घेतला आणि विचारले की राष्ट्रीय प्रतीकाच्या अवमानाला ३०० रुपये आणि दलित स्त्रीच्या लुगड्याला हात घालण्याला ५० रुपये, हा कोणता न्याय? वाद पेटला तो राष्ट्रध्वजाविषयीच्या वाक्यावरून आणि लेखाच्या भाषेवरून. दुर्गा भागवतांसारख्या निर्भय विदुषीनेही भाषेबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. त्या आक्षेपांत तथ्य किती हा स्वतंत्र विषय आहे. पण आपल्या अश्लीलताविचाराची रचना या प्रसंगात लख्ख दिसते. फेडलेल्या लुगड्याने मराठी वाचक जेवढा हादरला नाही, तेवढा लेखातील शब्दाने हादरला. अश्लीलता घटनेत शोधायची की वर्णनात, असा पेच पडला तेव्हा आपण वर्णन निवडले.

मराठीतील श्लील-अश्लील चर्चेचा इतिहास हा बहुतांशी या निवडीचा इतिहास आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वरील खटला १९५२ साली त्यांच्या निर्दोषत्वाने संपला. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते सुटले. चित्रकलेत अकबर पदमसी यांना १९५४ साली मुंबईतील प्रदर्शनातील चित्रांवरून अटक झाली, तेही सुटले. सात दशकांनी पुन्हा त्यांची आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची चित्रे सीमाशुल्क खात्याने अश्लील ठरवून जप्त केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये तो आदेश रद्द करताना प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, हे प्राथमिक सत्य पुन्हा सांगितले.

हे सर्व निकाल स्वागतार्ह आहेत. तरी या साऱ्या लढ्यांत बचावाचे सूत्र एकच राहिले : कृती कलात्मक आहे, म्हणून क्षम्य आहे. या सूत्रात एक मूक कबुली दडलेली आहे. उघड्या शरीराला कशाचे तरी पारपत्र लागते. कलेचे, आशयाचे, परंपरेचे, वैद्यकाचे. ज्या शरीराकडे असे पारपत्र नाही, जे केवळ उन्हाळा आहे म्हणून उघडे आहे, त्याच्या बाजूने बोलण्यासाठी आपल्या समीक्षेकडे शब्दच नाहीत. कर्व्यांकडे ते होते. त्यांनी नग्नतेचे समर्थन सौंदर्याच्या आधारे केले नाही. ती साधी गोष्ट आहे, एवढेच ते सांगत राहिले.

६

स्त्रीने स्वतः निवडलेल्या उघडेपणाचे प्रसंग मुंबईच्या इतिहासात मोजकेच आहेत आणि त्यांभोवती जाहिरातीचे वलय आहे. १९७४ साली प्रोतिमा बेदी यांच्या विवस्त्र धावण्याचे छायाचित्र एका नव्या चित्रपट-नियतकालिकाने छापले. ते जुहूला घेतले की गोव्याला, याविषयीच मतभेद आहेत. खळबळ मात्र खरी होती. १९९५ साली पादत्राणांच्या एका जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण विवस्त्र दिसले. खटला चौदा वर्षे चालला आणि २००९ साली निर्दोष सुटकेने संपला. दोन्ही प्रसंगी स्त्रीच्या निर्णयाला बाजाराने गिळले, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. पण याच शहरात साबणापासून मोटारीपर्यंत प्रत्येक वस्तू स्त्रीच्या अर्धअनावृत देहाच्या आधाराने विकली जात होती आणि त्यावर कोणी चौदा वर्षे खटला चालवला नाही. देह विकाऊ होता तोवर हरकत नव्हती. त्या देहाची मालकीण सस्मित आणि बिनधास्त दिसली तेव्हा पोलीस आले.

कायदा याविषयी नेमके काय म्हणतो? स्त्रीने कमरेच्या वर वस्त्र घेतलेच पाहिजे, असे वाक्य त्यात नाही. सार्वजनिक जागी इतरांना उपद्रव होईल असे अश्लील कृत्य हा गुन्हा आहे. भारतीय दंडसंहितेचे २९४ कलम हे सांगत असे, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे २९६ कलम सांगते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ११० कलम असभ्य अंगप्रदर्शनाला मनाई करते. म्हणजे ‘अश्लील’ आणि ‘असभ्य’ या दोन शब्दांवर सगळी मदार, आणि त्यांचा अर्थ पाहणाऱ्याने ठरवायचा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिन कसोटी बाजूला सारून समकालीन समाजमान्यतेची कसोटी स्वीकारली. प्रगती झाली, पण समाज म्हणजे कोणाचा समाज, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

२०२३च्या जूनमध्ये केरळ उच्च न्यायालयाने रेहाना फातिमा यांच्या खटल्यात तो अंशतः हाताळला. मुलांनी आईच्या उघड्या अंगावर चित्र काढल्याची ध्वनिचित्रफीत हा गुन्ह्याचा आधार होता. नग्नता आणि अश्लीलता ही समानार्थी नव्हेत, पुरुषाचे उघडे अंग सहज मानले जाते आणि स्त्रीचे मात्र लैंगिक ठरवले जाते, असे निरीक्षण नोंदवून न्यायालयाने आईला दोषमुक्त केले. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून जी पद्धत घालून दिली, तीच ही पद्धत : दोन माणसे शेजारी उभी करा आणि नियम वेगळे का, ते विचारा. गाभाऱ्यात शिरताना सदरा उतरवणारा पुरुष पवित्र असतो, शेतात उघडा राबणारा कष्टाळू असतो, पंचा नेसलेला गांधी महात्मा असतो. पुरुषाच्या उघड्या छातीला समाजाने इतके अर्थ दिले; स्त्रीच्या छातीसाठी लज्जेवाचून अर्थ उरू दिला नाही.

तुलनेची हीच पद्धत परदेशी न्यायालयांतही दिसते. १९९१च्या उन्हाळ्यात कॅनडातील ग्वेल्फ गावी ग्वेन जेकब ही विद्यार्थिनी पुरुषांप्रमाणे वरचे वस्त्र काढून रस्त्याने चालली. तिला दंड झाला. १९९६ साली ओंटॅरिओच्या अपील न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य-न्यायालयाने १९९२ साली अशाच खटल्यात स्त्रियांना सोडले. बर्लिनच्या सार्वजनिक तरणतलावांनी २०२३ साली स्त्रियांनाही ही मुभा असल्याचे स्पष्ट केले. या निकालांनंतर तेथील रस्ते उघड्या स्त्रियांनी भरून गेले नाहीत. संस्कृती बुडेल ही भीती खोटी ठरली. आणि कायद्याने दिलेली मोकळीक नजरेने दिलेली नसते, हेही सिद्ध झाले.

७

येथे एक आक्षेप येईल आणि तो गोवंडीतूनच यावा हे उचित. स्थानकापासून देवनारच्या कचराभूमीच्या दिशेने पसरलेल्या वस्त्यांत एका खोलीत सात-आठ माणसे राहतात. उन्हाळ्यात पुरुष दारात उघडेबंब बसलेले असतात. आत स्त्रिया मोरीला जुन्या साडीचा पडदा लावून आंघोळ करतात, नाहीतर अंगावरच्या वस्त्रासकट पाणी ओतून घेतात. कपडे बदलायचे तर घरातल्या पुरुषांना बाहेर जायला सांगावे लागते. या स्त्रीपुढे उघडे राहण्याच्या अधिकाराची भाषा करणे हा निर्लज्ज चैनीचा प्रकार नव्हे काय? तिला हवे आहे दार, कडी, भिंत.

आक्षेप मला मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. दाराची मागणी आणि उघडेपणाची मुभा यांना परस्परविरोधी मानणे म्हणजे महाडचे भाषण आणि कर्व्यांचा बचाव यांना विरोधी मानण्यासारखे आहे. तिला दार मिळालेले नाही, याचे कारण तिच्या शरीराचा विचार नगररचनेने केलेला नाही. तिला मोकळीक नाही, याचे कारण तिच्या शरीराचा विचार इतर सगळ्यांनी केलेला आहे. दोन्हीकडे तिला विचारलेले नाही. त्या वस्तीतील एखादी स्त्री बुरखा घेते, दुसरी पदर खोचून कचरा वेचते, तिसरी हार्बर मार्गाच्या गच्च भरलेल्या डब्यात पाठ फिरवून तान्ह्याला पाजते. यांतले कोणते आवरण तिचे आणि कोणते लादलेले, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. ते सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, ही समजूतच विधवेची चोळी काढणाऱ्याची आणि नाडार स्त्रीचे वस्त्र ओढणाऱ्याची होती.

कर्वे १९५३च्या ऑक्टोबरमध्ये वारले आणि त्यांच्यामागोमाग ‘समाजस्वास्थ्य’ही बंद पडले. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट (२००१) आणि अजित दळवी यांचे, अतुल पेठे यांनी २०१७ साली रंगभूमीवर आणलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक यांनी त्यांना पुन्हा आपल्यासमोर उभे केले. त्या मासिकाचे मुखपृष्ठ मराठी समीक्षेने अद्याप नीट वाचलेले नाही. ते वाचायचे, तर कर्व्यांनाही एक प्रश्न विचारावा लागेल : त्या चित्रांतील स्त्रीला कोणी विचारले होते का? पंचवीसहून अधिक वर्षे मुखपृष्ठावर उभ्या असलेल्या त्या स्त्रीचे स्वतःचे म्हणणे मासिकाच्या कोणत्या पानावर आहे, याचा शोध घेण्यापासून या अभ्यासाला आरंभ करता येईल.